खाणावळीचे ताट कोणाला परवडले? गिरणगावातील विकतच्या जेवणाचा हिशेब

१/ बाहेरचे जेवण परवडते का? मोबाइलवरून मागवलेल्या जेवणाचे बिल पाहताना हा प्रश्न आज घरोघर निघतो आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते: हेच घरी केले असते तर निम्म्या पैशांत झाले असते. मुंबईच्या गिरणगावात हाच प्रश्न काही पिढ्या हजारो माणसांच्या रोजच्या पोटाशी निगडित होता. तेथे विकतचे जेवण ही चैन नव्हती. ते नसते तर गिरणीचा भोंगा वाजला असता, पण साच्यावर उभे राहायला पुरेशी माणसे मिळाली नसती. हा धागा त्या खाणावळीचा, तिच्या ताटाच्या किमतीचा आणि ती किंमत अखेर कोणी मोजली याचा.

२/ कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. पुढल्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, नायगाव या भागांत धुराड्यांचे रान उभे राहिले. त्यांत राबायला माणसे आली ती प्रामुख्याने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आणि सातारा, पुणे, अहमदनगरच्या घाटमाथ्यावरून. आली ती बहुतेक एकटी. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम सव्वापाचशे. म्हणजे या शहरातील लक्षावधी पुरुषांची चूल दोन-तीनशे मैल दूर, गावी पेटत होती.

३/ बायको-मुले गावी ठेवण्यामागे हौस नव्हती, हिशेब होता. गावचा जमिनीचा तुकडा कसायला माणूस हवे. म्हातारे आईबाप तेथे. आणि गिरणीच्या पगारात मुंबईत संसार मांडणे कठीण. संसार मांडलाच तर तो कोठे? १९२१-२२ मध्ये सरकारी पाहणी झाली तेव्हा कामगार कुटुंबांपैकी शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. एकट्या पुरुषांची स्थिती याहून दाटीची. एका गावचे आठ-दहा गडी मिळून एक खोली भाड्याने घेत. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची सुरू होई आणि जागा झालेल्याच्या वळकटीशेजारी नव्याने आलेला पथारी टाकी. अशा खोलीत भांडी, सरपण आणि धान्याचे डबे मांडायचे कोठे?

४/ त्यात वेळेचा प्रश्न. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. ही मर्यादा म्हणजे सुधारणा होती. यावरून आधीची स्थिती ओळखावी. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४ तास आणि १९४६ मध्ये ४८ तास, असे हे ओझे सावकाश उतरत गेले. बारा तास उभ्याने काम करून आलेल्या माणसाने नळावर रांग लावावी, तांदूळ निवडावे, चूल फुंकावी आणि पहाटे पुन्हा भोंग्याआधी दारात हजर व्हावे, ही अपेक्षाच अवास्तव होती. काहींनी पाळीपाळीने सामायिक स्वयंपाक करून पाहिला, काही भावाच्या किंवा मामाच्या बिऱ्हाडी जेवले. उरलेल्यांसाठी एकच वाट होती: खाणावळ.

५/ येथे मुंबईच्या दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध व्यवस्थेशी तुलना करणे उद्बोधक ठरते. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचे काम सुरू केले आणि त्यातून डबेवाल्यांची परंपरा उभी राहिली. परंतु कचेरीतल्या कारकुनाला डबा येतो तेव्हा त्यात एक गोष्ट गृहीत असते: शहरातच कोठेतरी त्याचे घर आहे आणि त्या घरात सकाळी उठून स्वयंपाक करणारी स्त्री आहे. गिरणी कामगाराचे घर गावी होते. त्याला केवळ डबा वाहून आणणारा पुरेसा नव्हता. त्याला दुसऱ्या कोणाची तरी चूल हवी होती.

६/ ती चूल चाळीतच सापडली. खाणावळ म्हटले की आज पाटी, टेबल, गल्ला डोळ्यांपुढे येतो. गिरणगावातील खाणावळ बहुतांशी एका बाईची, एका खोलीत चाललेली असे. नवरा गिरणीत, किंवा आजारी, किंवा हयातच नाही; पदरी मुले; आणि हाताशी एकच कसब, स्वयंपाकाचे. पाच-दहा मेंबरांपासून सुरुवात होई आणि ती वीस-पंचवीसांपर्यंत जाई. दर महिन्याचा ठरलेला. मेंबर गावी गेला किंवा जेवायला आला नाही तर त्याचा खाडा धरला जाई. पाळ्यांप्रमाणे पंगती उठत. काही ठिकाणांहून गिरणीच्या दारापर्यंत डबेही जात. कोकण्याला भात आणि माशाचे कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी, आणि रविवारी ऐपतीप्रमाणे मटण.

७/ खाणावळीत केवळ पोट भरत नसे. कोणत्या बाईकडे जेवायचे हे बरेचदा गाव आणि जात यांवरून ठरे. त्यामुळे पंगतीत गावची बोली, गावची खबर, कोणाच्या घरी मनिऑर्डर पोहोचली आणि कोणाची पोचली नाही, हे सारे वाढले जाई. नव्याने आलेल्या पोराला बदली कामगार म्हणून कोठे उभे राहायचे ते तेथेच कळे. परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजू विसरता येणार नाही. गिरणीत विणाई खात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळाची भीती. पंगत तर त्याहून जवळची गोष्ट. त्यांना आपल्याच वस्तीतील चुलीचा आधार घ्यावा लागे.

८/ बाहेर खाण्याच्या किमतीत केवळ पैसा नसतो हे पुढील गोष्टीवरून ध्यानी येते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातील गृहस्थांनी राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याने चहाचे हॉटेल काढले आणि लोक तेथे चहा प्यायला कचरत, म्हणून महाराज स्वतः तेथे चहा घेत. मुंबईत इराण्याच्या हॉटेलात पैसे टाकणाऱ्याला सहसा जात विचारली जात नसे. १९०४ चे कयानी, १९२३ चे ब्रिटानिया ही त्यांपैकी आजही चालणारी नावे. अखेर १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नावानिशी उल्लेख करून तेथील प्रवेशात भेदभावाला मनाई करण्यात आली. स्वातंत्र्याच्या घटनेत हॉटेलचा उल्लेख करावा लागला, यातच सारे आले.

९/ मध्यमवर्गाची सोय निराळी. दादरला १९१० मध्ये मामा काणे यांचे उपाहारगृह निघाले, माटुंग्यात १९४२ मध्ये रामा नायक यांचे उडुपी बोर्डिंग. तेथे स्वच्छता, रुचकरपणा आणि आपल्यासारख्यांची सोबत मिळे. तरीही 'बाहेरचे खाणे' हे पांढरपेशा घरांत बराच काळ उधळपट्टीचे आणि थोडेसे बिघडल्याचे लक्षण मानले गेले. त्यामागील युक्तिवाद आजच्यासारखाच होता: घरी स्वस्त पडते. या वाक्यात घर, चूल आणि ती पेटवणारे हात फुकट मिळतात, असे गृहीत होते. गिरणी कामगाराला त्यांपैकी एकही गोष्ट फुकट नव्हती.

१०/ कामगाराच्या ताटाचा पहिला मोठा सरकारी हिशेब मुंबईच्या लेबर ऑफिसने केला. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या या कचेरीने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे आणि सहाशे एकट्या पुरुषांचे जमाखर्च गोळा केले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार कुटुंबाच्या खर्चापैकी शेकडा ५६.८ इतका भाग एकट्या अन्नावर जात होता. आणखी एक निष्कर्ष पुढे वर्षानुवर्षे गाजला: कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळ संहितेने ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतके होते, पण मुंबईच्या तुरुंगात कैद्याला मिळणाऱ्या प्रमाणाहून कमी. कापड विणणारा माणूस कैद्याहून कमी जेवत होता.

११/ अशा माणसाला खाणावळ परवडत असे, कारण ती खरोखरच स्वस्त होती. त्या स्वस्ताईची काही कारणे उघड आहेत. वीस माणसांचे धान्य एकत्र घेतले की दर उतरतो. वीस चुलींऐवजी एक चूल पेटली की सरपण वाचते. मसाला एकदाच वाटला जातो, भांडी एकाच संचात भागतात. पण एवढ्याने दर इतका खाली येत नाही. खाणावळवालीच्या हिशेबात वाण्याचे बिल होते, सरपण होते, रॉकेल होते, खोलीचे भाडे होते. तिची स्वतःची मजुरी नव्हती. पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंतचे तिचे श्रम हे तिचे 'घरकाम' मानले गेले, आणि घरकामाचा दर कोणी लावत नसतो.

१२/ तिचा दिवस कसा होता? नळाला पाणी येण्याआधी उठणे. पहिल्या पाळीची माणसे जाण्याआधी चहा आणि डबे. मग बाजार, निवडणे-टिपणे, वाटण, दुपारची पंगत. भांड्यांचा ढीग. दुसऱ्या पाळीची पंगत, आणि रात्रपाळीवरून येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेले ताट. मुलींचे हात या कामाला लहानपणीच लागत. शाळा सुटे ती बहुधा त्यामुळे. गिरणीतल्या पुरुषाला कायद्याने हळूहळू बारा, दहा, आठ तासांची मर्यादा मिळाली. त्याला जेवू घालणाऱ्या बाईला असा कोणताही कायदा लागू नव्हता. साप्ताहिक सुटी तर दूरच. रविवारी काम उलट वाढे.

१३/ मजुरीबरोबर ती आणखी एक गोष्ट विनामूल्य पुरवत होती: उधारी. गिरणीचा पगार महिन्याचा, आणि तोही महिना उलटून गेल्यावर हाती पडणारा. मेंबर जेवणार आज आणि पैसे देणार पुढल्या महिन्यात. मधल्या काळातील धान्य बाईने आणायचे कशावर? वाण्याच्या वहीवर. वाणी उधारीवर देताना मालही हलका देई आणि दरही चढा लावी. तो अडला की सावकार, आणि सावकार म्हणजे गहाण पडलेले मंगळसूत्र. कामगाराच्या पगाराला झालेल्या विलंबाचे व्याज अशा रीतीने एका खोलीतील बाई भरत होती. गिरणी मालकाच्या खातेवहीत हे व्याज कोठेही नोंदले गेले नाही.

१४/ हे सारे सर्वांत ठळकपणे दिसते ते संपाच्या काळात. १९७४ च्या संपात गिरण्या सहा आठवडे बंद राहिल्या. पगार नाही, म्हणून खाणावळीचे पैसे नाहीत. तरी चुली विझल्या नाहीत. बायकांनी होते नव्हते ते गहाण टाकून आपल्या मेंबरांना जेवू घातले. संपाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात पुढारी असतात, सभा असतात, मालक आणि सरकार असते. संपकऱ्याला संपावर टिकून राहण्यासाठी रोज दोन वेळा ताट कोणी वाढले, हा प्रश्न विचारला की मग लढ्याचा अर्धा खर्च उचलणारी माणसे पुढे येतात. ती कोणत्याही युनियनची सभासद नव्हती.

१५/ ही गोष्ट हेरली प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेऊन पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताई या बायकांच्या खोल्यांतून फिरल्या आणि १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळा'ची स्थापना झाली. पहिली मागणी दयेची नव्हती, कर्जाची होती. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. सामान्यांना कर्ज देण्याची भाषा होत होती. पण खाणावळवालीकडे तारण नव्हते, सही येत नव्हती, आणि बँकेच्या लेखी ती धंदा करणारी नव्हतीच, ती गृहिणी होती. अखेर पहिल्या चौदा जणींना राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळाले. पुढे गटातील बायका एकमेकींची हमी घेऊ लागल्या आणि चौदाच्या पुढे ही संख्या हजारोंत गेली.

१६/ या घटनेचे मोल रकमेत नाही. बँकेच्या अर्जावर 'व्यवसाय' या शब्दापुढे 'खाणावळ' असे लिहिले गेले, ते मोल मोठे. रोख हाती आल्यावर बाई वाण्याच्या वहीतून सुटली. तिला हवे ते धान्य हव्या त्या दुकानातून घेता आले. बचत झाली ती कोणाच्या पदरात पडते हे तिला प्रथमच दिसले. मंडळाने पुढे दादरला स्वतःचे केटरिंग सुरू केले, नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह उभारले. शंभर वर्षे 'घरकाम' म्हणून फुकट मोजले गेलेले श्रम हिशेबात धरले की त्यांतून भांडवल उभे राहते, याचा हा रोकडा पुरावा होता.

१७/ मात्र इतिहास सुखान्ताशी थांबत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही; तो विरून गेला आणि त्याबरोबर गिरणगावही. कामगार वळकटी बांधून गावी परतले. अनेकांची उधारी वहीत तशीच राहिली. ज्या चुलीने आधीचे संप तगवले, ती या संपात मेंबरांअभावी विझत गेली. काही बायकांनी पोळी-भाजी केंद्रे काढली, काही इतरांच्या घरी स्वयंपाकाला जाऊ लागल्या. काम तेच राहिले, मेंबर बदलले.

१८/ ताटाची खरी किंमत किती असते, हे त्यानंतर सरकारी योजनांनी आकड्यांत दाखवून दिले. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीनची तरतूद केली होती. तेथे भार मालकावर होता. १९९५ मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. या थाळीची किंमत शहरी भागात पन्नास रुपये धरण्यात आली होती. ग्राहकाने दहा द्यायचे, चाळीस सरकारने. म्हणजे स्वस्त जेवण स्वतःहून स्वस्त नसते. उरलेली रक्कम कोणीतरी भरत असते. कँटीनमध्ये मालक, शिवभोजनात सरकार. गिरणगावात ती खाणावळवालीने भरली.

१९/ आता पहिल्या प्रश्नाकडे परत. बाहेरचे जेवण महाग की घरचे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात. ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. या पाच तासांची किंमत शून्य धरली तर घरचे ताट नेहमीच स्वस्त ठरणार. तशीच, पावसात दुचाकीवरून डबा आणणाऱ्या तरुणाच्या पेट्रोलची, अपघाताची आणि थांबून काढलेल्या वेळाची किंमत शून्य धरली तर मागवलेले ताटही स्वस्त भासते. दोन्ही हिशेबांत चूक एकच आहे.

२०/ याचा अर्थ रोज बाहेर जेवावे असा नाही, आणि घरी रांधणे व्यर्थ आहे असाही नाही. महिनाअखेरीस खिसा तपासणे शहाणपणाचेच. गिरणी कामगारही खाड्यांचा हिशेब चोख ठेवत असे. पण 'परवडते का' या प्रश्नाला इतिहास एक शब्द जोडतो: कोणाला? लालबाग-परळच्या चाळींतील त्या खोल्या आता टॉवरांखाली गेल्या आहेत. त्या खोल्यांतून मुंबईच्या कापड उद्योगाला वर्षानुवर्षे दोन वेळचे जेवण आणि महिनाभराची उधारी मिळाली. उद्योगाने कापडाचा दर ठरवताना ती कधी मोजली नाही. ती मोजली गेली १९७५ मध्ये, चौदा बायकांनी बँकेच्या अर्जावर अंगठा उमटवला तेव्हा.

#इतिहास #गिरणगाव #खाणावळ #अन्नपूर्णा